ठसा एकच, बाग निराळी

नाताळच्या छापील शुभेच्छापत्राचा जन्म वेळ वाचवण्यासाठी झाला. 1840 साली पेनी टपाल सुरू झालं आणि इंग्लंडमध्ये पत्रांना ऊत आला. ती व्यवस्था रुजवण्यात हेन्री कोल यांचाही हात होता, आणि उत्तरांचा ढीगही त्यांच्याच टेबलावर साचू लागला. अखेर 1843 च्या नाताळात त्यांनी चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्स्ली यांच्याकडून एक चित्र करून घेतलं, छापलं आणि नावापुरती जागा कोरी ठेवली. रेषा छापील होत्या. रंग मात्र हातानं भरलेले. रंगीत छपाई तेव्हा सोपी नव्हती हे खरं, पण घाईतून निघालेल्या त्या कार्डाला माणसाचा हात लागलाच.

आज घरी ठसे आणि जलरंग घेऊन बागेचं कार्ड करणारे कामाची हीच वाटणी करतात. ‘आयता ठसा उमटवला, मग हातचं काय राहिलं?’ असं कुणी म्हणतं. हा आक्षेप पटण्यासारखा नाही. जास्वंद काढता येत नाही म्हणून ती कुणाला द्यावीशी वाटतच नाही, असं थोडंच आहे?

आणि हाताला काम भरपूर उरतं. शाई पाण्यानं न फुटणारी लागते, नाहीतर ब्रश टेकताच पानाच्या शिरा पसरतात. कागद 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, असला तर ओला झाल्यावर फारसा वाकत नाही. पुढचं फूल आधी उमटवायचं, त्याच आकाराचा कागदी तुकडा कापून त्यावर झाकायचा आणि वरून पानाचा ठसा मारायचा. तुकडा उचलला की पान फुलाच्या मागे गेलेलं असतं! मग पाकळीवर नुसतं पाणी फिरवून देठाकडे रंगाचा थेंब सोडायचा. रंग आपला आपण पुढे सरकतो, टोकाकडे फिका होत जातो. कुठे थांबायचं ते पाणी ठरवतं. मोगऱ्याची गंमत आणखी वेगळी. जलरंगात पांढरं म्हणजे कोरा सोडलेला कागद, त्यामुळे मोगरा फुलवायचा तर भोवतीची हिरवाई रंगवावी लागते. एकाच ठशाची दोन फुलं म्हणूनच सारखी होत नाहीत.

आपल्याकडच्या शाळकरी मुलांना यासाठी दुकानातला ठसाही लागत नाही. भेंडी आडवी कापून रंगात टेकवली की कागदावर फूल उमटतं, बहुधा पाच पाकळ्यांचं. भेंडीच्या पिवळ्या फुलालाही पाकळ्या पाचच, आणि चिरलेल्या भेंडीत दिसणारे कप्पे त्याच फुलाच्या बीजकोशाचे.

पण कार्डाचा खरा कस लागतो तो ते कुणासाठी केलंय यावर. इंग्रज लेखिका-चित्रकार बिॲट्रिक्स पॉटर यांनी 1890 मध्ये आपल्या पाळीव सशावरून काढलेली चित्रं शुभेच्छापत्रांसाठी एका प्रकाशनसंस्थेला विकली. सहा पौंड मिळाले, कार्डं छापली गेली. तीन वर्षांनी त्यांनी नोएल मूर या आजारी मुलाला एक सचित्र पत्र लिहिलं. त्यात मॅकग्रेगरच्या भाजीच्या बागेत शिरलेल्या पीटर नावाच्या सशाची गोष्ट होती. ग्राहक म्हणून कुणी नव्हतं, होता तो अंथरुणात पडलेला एक पाच वर्षांचा पोरगा. पुढे त्या गोष्टीचं पुस्तक करावंसं वाटलं, तेव्हा पॉटर यांना ते पत्र नोएलकडूनच मागून घ्यावं लागलं. त्यानं ते जपून ठेवलं होतं. प्रकाशकांनी नकार दिल्यावर 1901 मध्ये पॉटर यांनी स्वतःच्या खर्चानं 250 प्रती छापून घेतल्या.