ताऱ्यांचे वर्ग: जाती की उपाधी?

हार्वर्ड वेधशाळेत अ‍ॅनी जम्प कॅनन यांनी वर्ग ठरवलेली आणि १९१८ ते १९२४ या काळात प्रसिद्ध झालेली हेन्री ड्रेपर तारासूची व्याधाला ‘ए०’ वर्गात घालते. मॉर्गन-कीनन पद्धतीत तोच तारा ‘ए१’ ठरतो, आणि अलीकडे त्याच्यापुढे ‘ए०एमए१’ अशी जोडनोंद आढळते, जिच्यात हायड्रोजनच्या रेषांवरून एक आणि धातूंच्या रेषांवरून दुसरा वर्ग दिलेला असतो. ताऱ्याच्या वर्णपटातील काळ्या शोषणरेषांची ठळकता प्रमाण ताऱ्यांशी ताडून हा वर्ग ठरवतात आणि त्यावरून मुख्यतः पृष्ठभागाचे तापमान कळते. रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी ताऱ्याविषयीही सूच्यांत एकमत नसेल, तर वर्ग ताऱ्यात असतो की पाहणाऱ्याच्या बुद्धीत, हे विचारावेच लागते.

या प्रश्नासाठी न्याय-वैशेषिक परंपरेतील एक भेद उपयोगी पडतो: अनेक व्यक्तींत राहणारा नित्य, वस्तुगत समान धर्म म्हणजे जाती, आणि ज्याला जाती होण्याची योग्यता नाही असा समान धर्म म्हणजे उपाधी. उदयनाचार्यांनी ‘किरणावली’त सांगितलेल्या जातिबाधकांपैकी एक संकर होय: दोन धर्म कोठे एकत्र, तर कोठे एकमेकांवाचून आढळले, की त्यांना जाती म्हणता येत नाही. उदाहरणार्थ, आकाशात भूतत्व (महाभूत असणे) आहे पण मूर्तत्व (मर्यादित परिमाण असणे) नाही, मनात मूर्तत्व आहे पण भूतत्व नाही, पृथ्वीत मात्र दोन्ही आहेत.

धातुरेषा-तारे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ताऱ्यांत, ज्यांचे सौम्य रूप व्याधात दिसते, असाच संकर आहे. त्यांची कॅल्शियमची रेषा ‘ए’ वर्ग सुचवते, तर इतर धातूंच्या रेषा त्याहून थंड अशा ‘एफ’ वर्गाकडे बोट दाखवतात. येथे सरासरी काढणे हा घातक उपाय ठरला असता. रोमन, मॉर्गन आणि एगेन यांनी १९४८ साली अशा ताऱ्यांचे कॅल्शियम, हायड्रोजन आणि इतर धातू यांच्या रेषांवरून मिळणारे तिन्ही वर्ग वेगवेगळे नोंदवले, आणि १९७० साली जॉर्ज मिशो यांनी मांडलेल्या विसरणाच्या सिद्धान्तातून त्यामागचे कारण उलगडत गेले: तारा संथ फिरत असल्याने त्याचे बाह्य थर शांत राहतात, कॅल्शियम खाली बसते आणि लोहासारखी मूलद्रव्ये प्रारणाच्या दाबाने वर ढकलली जातात. म्हणजे विसंगती ताऱ्याचीच होती; ती पुसली असती, तर ताऱ्याविषयीचे ज्ञानच पुसले गेले असते.

अर्थात जोडताऱ्याचा प्रकाश मिसळल्याने किंवा वर्णपट अस्पष्ट असल्याने पडलेला फरक ही निव्वळ चूक असते, आणि तिच्यावर पुन्हा वेध घेण्यावाचून दुसरा उपाय नाही. संकरामुळे ताऱ्यांचे वर्ग जाती न ठरता उपाधी ठरतात, पण उपाधी म्हणजे मिथ्या नव्हे. तिला वस्तूचा आधार असतो, फक्त तो कोणत्या रेषेवर घेतला हे सांगावे लागते. म्हणूनच एकच वर्ग निवडून देणाऱ्या सूचीपेक्षा, लॉवेल वेधशाळेतील ब्रायन स्किफ यांच्या संकलनाप्रमाणे सर्व प्रसिद्ध वर्ग त्यांच्या आधारासह शेजारी शेजारी ठेवणारी सूची तत्त्वतः अधिक प्रामाणिक आहे.