पात्यांखालचे जग

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. तरी समुद्रातल्या पवनचक्क्या आणि मासेमारी यांवरून जगभर जो वाद चालला आहे, तो वाशी, भूम, कळंबच्या माणसाला परका वाटू नये. बालाघाटच्या माळरानावर गेल्या काही वर्षांत पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. मोबदला, रस्ते, तारा यांवरून शेतकरी आंदोलनाला बसले. माणसांचे हे भांडण रास्तच आहे. मात्र त्याच माळावर घिरट्या घालणाऱ्या, बिळात राहणाऱ्या जिवांची नोंद कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

ती घेतली तर काय दिसते, हे साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठाराने दाखवले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांचा त्या पठारावरचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी होते. त्यामुळे त्यांचे भक्ष्य असलेले सरडे वाढले. इथवर हिशेब सरळ आहे. पुढचे मात्र विलक्षण आहे. गळ्याखाली निळा-नारिंगी पंखा उघडून मादीला साद घालणारा तिथला सरडा पवनचक्क्यांजवळ अंगाने रोडावला, त्याचा रंग फिका पडला आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत तो हलेना. वरची घार गेली म्हणून भीती गेली, पण सरड्यांची गर्दी वाढून अन्नाची चढाओढही वाढली. पाते सरड्याला कधी शिवलेही नव्हते.

समुद्रातही पवनचक्क्यांचा परिणाम पात्यांपुरता राहत नाही, तो पाण्याखाली घडतो.

डेन्मार्कने 1991 मध्ये विंडेबीला 11 पवनचक्क्या उभारल्या. समुद्रातले हे जगातले पहिले पवनक्षेत्र. तेव्हापासून युरोपात बरेच कळले आहे. समुद्रतळात खांब ठोकताना होणाऱ्या आवाजाने पॉरपॉइझ हे डॉल्फिनसारखे सस्तन प्राणी कित्येक किलोमीटर दूर पळतात. म्हणून जर्मनीने त्या आवाजावर मर्यादा घातली आणि खांबाभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडण्याची पद्धत रूढ झाली. काम संपल्यावर चित्र पालटते. खांबांवर शिंपले दाट वाढतात, त्यांच्या आडोशाला खेकडे आणि कॉडसारखे मासे जमतात. बेल्जियममध्ये पवनक्षेत्रात जहाजे आणि ट्रॉलर यांना बंदी असल्याने तळालाही उसंत मिळते. माशांना आसरा मिळाला. मच्छीमाराची जागा मात्र गेली.

भारताने समुद्री पवनऊर्जेचे धोरण 2015 मध्ये आणले, आणि 2024 मध्ये गुजरात-तमिळनाडूच्या किनाऱ्यांसाठी 7,453 कोटींची मदत मंजूर केली. गुजरातच्या जाफराबादला बोंबील डोल जाळ्यांत पडतो. ही जाळी प्रवाहात एका ठरलेल्या जागी रोवावी लागतात. ती जागा एका पिढीकडून दुसरीकडे येते, आणि भरपाई म्हणून ‘दुसरीकडे धरा’ असे सांगता येत नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या मच्छीमारांशी बोलणी खांब ठोकण्याआधी व्हायला हवीत.

जमिनीवर तर नियमच सैल आहेत. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाची 2006 ची अधिसूचना पवनऊर्जा प्रकल्पांना लागूच होत नाही. माळावर खांब उभारण्याआधी पक्ष्यांची पाहणी करण्याची सक्ती त्यामुळे नाही. पात्यांइतकाच तारांचाही धोका असतो. माळढोक पक्ष्याची नजर समोर कमी चालते आणि जड देहामुळे त्याला ऐनवेळी वळता येत नाही. राजस्थान आणि गुजरातमधल्या अशा तारांचा प्रश्न 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले नान्नज अभयारण्य याच माळढोकासाठी राखले होते.

धाराशिवकरांनी पवनऊर्जा नाकारावी, असे इथे कुणी म्हणत नाही. कोळशाचा धूर सरडा-माणूस असा भेद करत नाही. मात्र नव्या रांगा आखण्याआधी निदान एक वर्षभर, पावसाळ्यात आणि थंडीत, माळावरचे पक्षी मोजले जावेत. घारी आणि भोवत्ये हे शिकारी पक्षी कोणत्या उतारावर उतरतात ते शेळ्या राखणाऱ्यांना विचारावे. आणि तारा कुठून न्यायच्या, हे त्यानंतर ठरावे.