नागसेनांची कीर्ती कशात आहे?

उपासक-उपासिकांनो,

पिंपरीहून लोणावळ्याच्या लोकलने मळवलीला उतरा आणि कार्ल्याची लेणी पाहून या. तेथील चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. सुमारे दोन हजार वर्षे ती दगडात टिकून आहेत. परंतु एका यवन राजाला धम्म पटवून देणाऱ्या भदन्त नागसेनांचे नाव टिकले ते दगडामुळे नव्हे, त्यांनी दिलेल्या उत्तरांमुळे.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात मिलिंद, म्हणजेच ग्रीक राजा मिनँडर, राज्य करीत होता. वादात भल्याभल्यांना गप्प करणारा म्हणून त्याची ख्याती. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात त्याचा व नागसेनांचा संवाद आहे. नागसेनांनी आधीच अट घातली, चर्चा पंडितांच्या रीतीने होणार असेल तरच मी बोलेन. पंडित चूक दाखविली तर रागावत नाहीत. राजे मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा करतात. मिलिंदाने अट मान्य केली.

मग नागसेनांनी त्याच्या रथाचीच गोष्ट काढली. चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला. सारे भाग एकत्र आले की त्याला रथ म्हणतात, तसेच माणसाचे. आत वेगळा, न बदलणारा आत्मा नाही. चाकणच्या कारखान्यात गाडी जुळविणाऱ्या कामगाराला हे कोणी वेगळे शिकवायला नको. आता तुम्हीच विचारा, माणसाच्या कोणत्या भागात जात असते? हाडात? रक्तात? कोठेच नाही. मग जन्माने उच्च-नीच कोण?

पूज्य बाबासाहेबांनी हे मोल ओळखले. 1950 साली औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय सुरू केले. त्याला पुढे नाव मिळाले मिलिंदाचे आणि त्या परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांचाही तेथे मान राखला गेला. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या प्रश्न विचारण्याची बंदी होती, त्यांची मुले तेथे शिकली.

आता आपल्या घराकडे पाहा. वंदना आपण म्हणतो, भिंतीवर तथागतांची तसबीर आहे. पण लग्न ठरताना गुपचूप पत्रिका दाखविली जाते. मुलगी विचारते, “बाबा, आपण बौद्ध झालो ना, मग हे कशाला?” त्या वेळी “गप्प बैस, मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस” म्हणणारा बाप नागसेनांच्या बाजूचा नाही, तो दंड करणाऱ्या राजाच्या बाजूचा आहे.

बंधूंनो, दुसऱ्या पाळीहून थकून आलात तरी घटकाभर त्या मुलीजवळ बसा. उत्तर असेल तर द्या. नसेल तर “माझे चुकले” म्हणा आणि ती पत्रिका बाजूला ठेवा. नागसेनांची कीर्ती पुढे चालविण्याचा आपल्या घरातला मार्ग हाच आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!