चिंदी पांढरी आली तरी

आमच्या तात्यांचा एक नेम होता. महिन्याचा पहिला रविवार आला की सोप्यात घोंगडं अंथरायचं, कपाटातली रायफल काढायची आणि ती पुसायची. पोरंसोरं भोवतीनं बसायची. पण बोल्ट काढून, नळी उजेडाकडं धरून, आत काडतूस नाही हे स्वतः बघितल्याशिवाय तात्या कुणाला घोंगड्यावर पाय ठेवू देत नसत. "रिकामी हाय म्हणून सांगितलेली बंदूकच माणूस मारती," असं म्हणायचे.

तात्या मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार होऊन पेन्शनीत आले. आमच्या कुरुंदवाड भागात याचं कुणाला नवल नाही. जवळची सैनिक टाकळी तर गावाच्या नावातच फौज घेऊन बसली आहे. गावी आल्यावर त्यांनी परवाना काढून इशापूर कारखान्याची ३१५ बोअरची रायफल घेतली आणि काही वर्षं गनमन म्हणून नोकरी केली. पुढं ती रायफल निवडणुकीची आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची, एवढाच तिचा प्रवास. तरी पुसणं चुकलं नाही.

पुसायची रीत बेळगावच्या सेंटरात शिकलेली. दोरीचं वजन मागच्या बाजूनं नळीत सोडायचं, दोरीच्या फासात चिंदी अडकवायची आणि तोंडाकडून एका दमात सरळ ओढायची. कोरडी चिंदी चार इंच बाय दोन इंच, तेलाची जरा अरुंद. दोरी वाकडी ओढली की नळीचं तोंड घासतं आणि मग नेम कायमचा जातो. शेवटची चिंदी पांढरीफेक आली की ती आम्हाला दाखवायची. "बघा, आरशासारखी नळी!" आम्हीही मान डोलवायचो.

त्यांची एक गोष्ट माझ्या चांगली ध्यानात राहिली आहे. रिक्रूट असताना त्यांनी जुनी थ्री-नॉट-थ्री चालवलेली. त्या जुन्या काडतुसाच्या टोपीतलं रसायन जळलं की नळीत एक प्रकारचं मीठ उरायचं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि लोखंड गंजवतं. म्हणून फायरिंग झालं की आधी नळीत उकळतं पाणी ओतायचे, मग कोरडी करायचे, मग तेल. "मिठाला पानीच लागतंय. वरनं कितीबी त्याल लावा, खालनं गंज चालूच."

२०१९ च्या ऑगस्टात महापूर आला. पंचगंगा आणि कृष्णा एक झाल्या. घर सोडताना तात्यांनी पहिल्यांदा रायफल तेलाच्या फडक्यात गुंडाळून काखेला मारली, मग कागदपत्रं. पाणी उतरल्यावर घरात सगळीकडं गाळ आणि ओल. नळीला आतनं काही झालं असेल या धास्तीनं तात्यांना झोप लागेना.

माझा मुलगा तेव्हा कोल्हापुरात नेमबाजी शिकत होता. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेतेपद मिळवल्यापासून आमच्याकडच्या पोरांना हे खूळ लागलं आहे. त्यानं क्लबातल्या एका जुन्या नेमबाजाकडून फेसाचा एक डबा आणला. दाढीच्या फेसासारखंच प्रकरण. बारीक नळकांडं मागनं लावायचं, फेस तोंडातून बाहेर येईपर्यंत सोडायचा, वीस मिनिटं थांबायचं आणि मग चिंदीनं बाहेर काढायचा.

"आबा, फेस पांढरा आत जातो. नळीत तांबं असलं की निळा होतो."

"तांबं कुठलं? लेका, दर महिन्याला पुसतोय मी."

"गोळीवर तांब्याचा पत्रा असतो की. जाताना नळीच्या पिळाला थोडा घासून चिकटतो. तो तेलानं निघत नाही."

वीस मिनिटांनी चिंदी बाहेर आली ती निळीशार. दुसरीही निळी. तात्या त्या चिंदीकडं बराच वेळ बघत बसले. चहा निवून गेला.

संध्याकाळी मला एकट्याला म्हणाले, "त्या रायफलीतनं मी मोजून सहा गोळ्या झाडल्यात. पाच घेतली तवा, नेम बघाय. सहावी कुत्र्याला."

कुत्र्याची गोष्ट गावाला ठाऊक होती. नव्वदच्या दशकात नदीकाठच्या मळीत एका धनगराच्या कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळत होती. कुत्रं पिसाळलं म्हणून लोक तात्यांना बोलवायला आले. तात्यांनी एका गोळीत काम केलं. गावानं वाहवा केली. गावाला ठाऊक नव्हतं ते पुढचं. पुरताना तात्यांनी बघितलं, कुत्र्याच्या जबड्यात हाडाचा तुकडा आडवा अडकला होता. त्यानंच लाळ गळत होती. तात्यांनी माती लोटली, घरी आले, नळी पुसली. दुसऱ्या दिवशी वाडीला जाऊन संगमावर डुबकी मारली.

"चिंदी पांढरी आली, तवा वाटलं झालं."

तिथून मी पुष्कळ दिवस विचार करत राहिलो. तात्या खोटे नव्हते. त्यांनी नेम पाळला होता आणि चिंदी खरोखरच पांढरी येत होती. पण तेल काजळी काढतं, म्हणून ते तांबंही काढेल असं थोडंच आहे? मिठाला पाणी लागतं, तांब्याला फेस लागतो. आपण माणसं मात्र हाताशी असेल त्या एकाच औषधानं सगळं धुऊ बघतो. उपास करतो, डुबकी मारतो, देणगी देतो. त्यानं काहीच निघत नाही असं मी म्हणणार नाही. मनाची काजळी निघत असेल. पण ज्याचं नुकसान केलं त्याचं देणं त्याच्याच दारात जाऊन फिटतं, ते नदीला कसं फिटणार?

तात्यांनी हे माझ्याआधी ओळखलं होतं. आठ दिवसांनी ते मला घेऊन त्या धनगराच्या घरी गेले. म्हातारा वारला होता. त्याच्या पोरापुढं तात्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

पोरगा शांतपणे म्हणाला, "आमच्या म्हाताऱ्याला ठावं हुतं. त्यानं रातीच जाऊन उकरून बघितलं हुतं. तात्या फौजीमाणूस हायती, स्वतः येऊन सांगतील, असं म्हणायचा."

परतीच्या वाटेवर तात्या एक शब्द बोलले नाहीत.

त्यानंतर मात्र ते रायफलीच्या मागंच लागले. दर दोन दिवसांनी फेस, चिंदी, पुन्हा फेस. शेवटी माझ्या मुलानंच डबा काढून घेतला. "आबा, निळं यायचं थांबलं की थांबायचं. उगं घासत राहिलं तर नळीच झिजती." तात्यांनी ऐकलं. नळीत तेलाचा हलका हात दिला आणि रायफल कपाटात ठेवली.

पुढं रविवारचा नेम पुन्हा सुरू झाला. फक्त शेवटची चिंदी वर करून दाखवणं त्यांनी बंद केलं. पोरांनी विचारलं, "तात्या, साफ झाली का?" तर म्हणायचे, "तेलानं निघतंय तेवढं निघालं."