निवडणुकीचे ऋण

मनुष्य जन्मास येतो तो काही ऋणे माथ्यावर घेऊनच येतो, असे आपल्या पूर्वजांनी मानले. देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे अशी तीन ऋणे त्यांनी सांगितली आणि ती फेडणे हा धर्म ठरविला. या कल्पनेतील पारलौकिक भाग कोणास पटो वा न पटो, तिच्यात मनुष्यस्वभावाची एक अचूक पारख आहे. ज्याचे आपण घेतले त्याच्याकडे आपले मन ओढले जाते, ही ती पारख होय. कागद करून घेतलेले कर्ज मुदतीत फेडून मनुष्य मोकळा होतो. परंतु ज्याचा कागद झालेला नाही ते मनानेच फेडीत राहावे लागते, आणि त्याची मुदत संपली असे देणाराही म्हणत नाही व घेणाऱ्यासही म्हणता येत नाही. निवडणुकीच्या खर्चाचा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा दिसतो. माझ्या मते तो मूलतः ऋणाचा प्रश्न आहे. लोकांनी निवडलेला मनुष्य कोणाचा ऋणी असावा, हे एकदा ठरले म्हणजे त्याच्या निवडणुकीचा खर्च कोणी करावा, हे ठरविणे फारसे अवघड राहत नाही.

हा विचार मनात घोळू लागण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. जालना शहराची नगरपालिका जाऊन २०२३ साली तेथे महानगरपालिका आली आणि १५ जानेवारी २०२६ रोजी तिची पहिली निवडणूक झाली. त्या निवडणुकीच्या काही आठवडे आधी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याचे वह्या-पुस्तकांचे बेताचे दुकान आहे. आपल्या भागातील कोणत्या गल्लीस कोणत्या दिवशी आणि किती वेळ नळाचे पाणी आले, याची नोंद तो गेली सहा वर्षे एका वहीत करीत आला आहे. जालन्यात पाण्याची वाट पाहत ज्याने दिवस काढले आहेत, त्यास या वहीची किंमत निराळी सांगावयास नको.

“सर, मी उभे राहावे असे गल्लीतील लोक म्हणतात,” तो म्हणाला. मला आनंद झाला व तसे मी बोलून दाखविले. तेव्हा त्याने वहीच्या मागच्या पानावर केलेला खर्चाचा अंदाज पुढे ठेवला. पत्रके, फलक, एक रिक्षा, भोंगा, कार्यकर्त्यांचे चहापाणी व जेवण, मतदानाच्या दिवशी बसावयाची माणसे. कोणास एक पैसा न वाटताही आकडा चार लाखांच्या पुढे गेला होता. “एक गृहस्थ सगळा खर्च करावयास तयार आहेत,” तो खाली पाहत म्हणाला. “रस्त्यांची कामे घेतात. परतफेड नको म्हणतात. सभागृहात आपला माणूस असला म्हणजे झाले, एवढेच त्यांचे म्हणणे.”

“हे पैसे घेऊ नकोस,” मी तत्काळ म्हणालो. उपदेश करण्यास प्राध्यापकास वेळ लागत नाही.

“मग कोणाचे घेऊ, सर?”

या प्रश्नास मजपाशी उत्तर नव्हते. थोड्या वेळाने मी कपाटातून दोन हजार रुपये काढून त्याच्या हाती ठेवले. त्याच वर्षी गणेशोत्सवाच्या वर्गणीस मी पाच हजार दिले होते, आणि तेही मंडळाच्या मुलांस दुसऱ्यांदा मागावे न लागता. आठ दिवसांनी तो पुन्हा आला व दोन हजारांचे पाकीट मेजावर ठेवून म्हणाला, “ज्या कामासाठी दिलेत ते होणार नाही. मी उभा राहत नाही.”

आता या प्रसंगात अन्याय कोणता झाला, असे कोणी विचारील. कायद्याने त्यास कोणी अडविले नाही. उलट, जालन्यासारख्या ‘ड’ वर्गातील महानगरपालिकेच्या उमेदवारास नऊ लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा राज्य निवडणूक आयोगाने दिलेली होती. परंतु नऊ लाख खर्च करण्याची मुभा असणे आणि नऊ लाख असणे, यांतील अंतर दुकानदारासही कळते. मुंबईत १८७२ च्या कायद्याने महापालिकेच्या चौसष्ट सभासदांपैकी निम्मे निवडून देण्याचा अधिकार मिळाला, तो केवळ कर भरणाऱ्यांस. ज्याचा कर नाही त्याचे मत नाही, हा त्या काळचा न्याय होता. पुढे प्रजासत्ताकाच्या संविधानाने प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मत दिले आणि तो अडसर काढून टाकला. तथापि तो काढला गेला तो मत देण्याच्या दारावरचा. उभे राहण्याच्या दारावर तो अद्याप तसाच आहे, फक्त कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला नाही. ज्याला सर्वजण मत देऊ शकतात, पण जो स्वतः उभा राहू शकत नाही, अशा नागरिकाचे स्वातंत्र्य अर्धेच म्हणावे लागेल.

दुसरा अन्याय याहून सूक्ष्म आहे. महानगरपालिकांसंबंधीच्या १९४९ च्या कायद्यात असा स्पष्ट निर्बंध आहे की, पालिकेच्या कंत्राटात ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तो नगरसेवक राहण्यास अपात्र होतो. निर्बंध उत्तम आहे. एकाच हाताने काम मंजूर करावे व त्याच हाताने त्याचे पैसे घ्यावेत, हे कोणासही रुचणार नाही. परंतु नगरसेवक कंत्राटदार नसेल, केवळ कंत्राटदाराच्या पैशाने निवडून आलेला असेल, तर? मग त्याचा कंत्राटात भाग नाही. त्याच्या मनात मात्र कंत्राटदाराचा भाग आहे. कायदा भागीदारी पाहू शकतो, मिंधेपणा पाहू शकत नाही.

हे भय आजचे नाही. १९५७ साली टाटांच्या पोलाद कंपनीने राजकीय पक्षांस देणग्या देण्याची मोकळीक मागितली, तेव्हा ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश छागला यांच्यापुढे आले. कायदा आड येत नसल्यामुळे न्यायालयाने अनुमती दिली. परंतु ही प्रथा वाढली तर लोकशाहीस ती घातक होईल, असा इशाराही त्याच निकालात दिला. पुढे १९६९ साली कंपन्यांच्या देणग्या बंद झाल्या, १९८५ साली पुन्हा सुरू झाल्या, २०१८ पासून निवडणूक रोख्यांच्या रूपाने नाव झाकून देता येऊ लागल्या, आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रोखे घटनाबाह्य ठरविले. हा सारा वाद दिल्लीच्या राजकारणाचा आहे असे आपण समजतो. वस्तुतः त्याची झळ शहरास अधिक लागते. दिल्लीत देणगी आणि तिचे फळ यांच्यामध्ये मंत्रालये, समित्या व वर्षे असतात. शहरात देणगीदाराचे घर आणि त्याला मिळालेला रस्ता कित्येकदा एकाच प्रभागात असतात.

तेव्हा उमेदवाराचा खर्च, निदान काही अंशी, सार्वजनिक तिजोरीतून व्हावा, असे सुचविले जाते. यावर पहिला आक्षेप नैतिक आहे. ज्याचे विचार मला अधर्म्य वाटतात त्याच्या प्रचारास माझ्या कराचा पैसा का जावा? आक्षेप प्रामाणिक आहे, पण नवा नाही. इंग्लंडात पार्लमेंटच्या सभासदांस वेतन असावे ही चार्टिस्टांची मागणी १८३८ सालची. ती मान्य होऊन वर्षास चारशे पौंड मिळू लागले ते १९११ साली. मधल्या त्र्याहत्तर वर्षांत खाऊनपिऊन सुखी असलेल्या वर्गास वेतनाची जरुरी भासली नाही, कारण बिनवेतनाचे काम त्यासच परवडत होते. प्राचीन अथेन्समध्ये पेरिक्लीसने न्यायसभेत बसणाऱ्यांस भत्ता सुरू केला, तेव्हाही लोक लोभी होतील अशी टीका झालीच. आज सभासदाच्या वेतनाविषयी आपण असा प्रश्न करीत नाही. वेतन व्यक्तीस नसून पदास आहे, हे आपणांस पटले आहे. मग पदाच्या दारापर्यंत पोहोचण्याची वाट सर्वांस सारखी मोकळी ठेवणे हेही पदाचेच काम का मानू नये?

दुसरा आक्षेप दारिद्र्याचा. ज्या शहरास पाणी पुरत नाही त्याने फलकांवर पैसा उधळावा काय? येथे थोडा हिशेब करू. जालन्याच्या सभागृहात पासष्ट जागा आहेत. प्रत्येक जागेमागे चार उमेदवार पात्र ठरले आणि प्रत्येकास मर्यादेच्या निम्मे, म्हणजे साडेचार लाख दिले, तर एकूण अकरा कोटी सत्तर लाख होतात. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २,८५,५७७ होती. तीच धरली तरी पाच वर्षांत माणशी सुमारे ४१० रुपये, म्हणजे वर्षास ८२ रुपये पडतात. रक्कम लहान आहे असे मी म्हणत नाही. परंतु निवडणुकीचा खर्च शहर आजही करतेच. ज्याने उमेदवारावर लाखो रुपये लावले तो ते पुण्य म्हणून लावीत नाही. ते रस्त्याच्या खडीतून, नळाच्या पाइपातून, गटाराच्या सिमेंटातून काढून घेतो. प्रश्न शहराने द्यावे की न द्यावे हा नाही. उघड हिशेबाने द्यावे की पहिल्या पावसात उखडलेल्या रस्त्याच्या रूपाने द्यावे, हा आहे.

तिसरा आक्षेप मात्र खरोखर कठीण आहे. सरकारी पैसा आला म्हणून काळा पैसा जाईल कशावरून? दोन्ही चालतील. निवडणुकीच्या मर्यादांचा आजवरचा इतिहास या शंकेस पुष्टी देणारा आहे. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने, उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्याच हिशेबात धरावा, असा निर्णय दिला, तेव्हा लोकसभा-विधानसभांच्या निवडणुकांपुरता तो निष्प्रभ व्हावा म्हणून कायदाच त्वरेने बदलण्यात आला. १९९८ साली नेमलेल्या इंद्रजित गुप्त समितीने सरकारी साहाय्याचा पुरस्कार केला, परंतु ते रोख नसून वस्तुरूपाने आणि केवळ मान्यताप्राप्त पक्षांसच असावे, असे सुचविले. रोख नको हे समजण्यासारखे आहे. पण पक्षांसच द्यावयाचे, तर माझ्या विद्यार्थ्यासारख्या पक्षाविना असलेल्या मनुष्यास त्यात स्थान कोठे? सरसकट वाटलेल्या सरकारी पैशाने ज्यांचे दार आधीच उघडे आहे त्यांचेच अधिक उघडेल, हे मला मान्य केले पाहिजे.

म्हणून मला न्यूयॉर्क शहराची रीत अधिक विचारार्ह वाटते. तेथे १९८८ पासून शहराच्या तिजोरीतून उमेदवारांस साहाय्य मिळते, पण ते मागितल्याबरोबर मिळत नाही. आधी त्याने आपल्या शहरातील सामान्य रहिवाशांकडून लहान देणग्या गोळा कराव्या लागतात. नगरसभेच्या उमेदवारास एका रहिवाशाने दिलेल्या पहिल्या १७५ डॉलरांपर्यंत, प्रत्येक डॉलरामागे शहर आठ डॉलर घालते. त्याबदल्यात त्यास खर्चाची मर्यादा व हिशेबतपासणी पत्करावी लागते. तेथे लबाडी होत नाही असे नाही; खोट्या नावांनी देणग्या दाखविल्याची प्रकरणे झाली आहेत. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये त्या शहराच्या तत्कालीन महापौरासच स्वतंत्र मंडळाने हा निधी नाकारला, हेही तितकेच खरे. आपल्याकडे यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचेही कारण नाही, कारण पालिकांच्या निवडणुकांविषयी कायदा करण्याचा अधिकार संविधानाने राज्याच्या विधिमंडळास दिलेला आहे.

या रीतीचे मला विशेष वाटते ते तिच्या पैशामुळे नव्हे, तर तिच्यातील मागण्यामुळे. समर्थ रामदास याच जिल्ह्यातील जांबचे. त्यांच्या दासबोधात भिक्षेवर एक स्वतंत्र समास आहे. भिक्षा ही त्यांनी पोट भरण्याची युक्ती मानली नाही. दारोदार हिंडून लोक पाहण्याची, ओळखण्याची ती वाट मानली. ज्या उमेदवारास शंभर घरी जाऊन शंभर-शंभर रुपये मागावे लागतील, त्यास शंभर घरांचे पाण्याचे गाऱ्हाणे ऐकावे लागेल. त्याच्या डोक्यावरही ऋण राहीलच. पण ते इतक्या जणांचे असेल की, त्यांपैकी कोणा एकास त्याच्या खांद्यावर हात ठेवून “आपला माणूस” म्हणता येणार नाही. शहराचा ऋणी असलेला नगरसेवक तो हाच.

परंतु या रीतीत पहिला रुपया नागरिकाचा असावा लागतो, आणि तेथे प्रश्न तुमच्या-माझ्या दारी येतो. आपला सुशिक्षित मध्यमवर्ग देवळास देतो, उत्सवास देतो, शाळेच्या इमारतीस देतो; निवडणुकीस देणे मात्र त्यास विटाळासारखे वाटते. राजकारणात घाण आहे म्हणून आपण हात आखडतो, आणि आपण हात आखडला म्हणून जे पुढे येतात त्यांच्याकडे बोट दाखवून पुन्हा घाण आहे असे म्हणतो. मतासाठी पाकीट घेणाऱ्या गरिबाची आपण निंदा करतो. त्याने निदान आपले मत विकले, आपण तर ते फुकटच परस्वाधीन केले. विधिमंडळ कायदा करील तेव्हा करील. तोवर योग्य मनुष्यास उघडपणे, पावती घेऊन, नियमाप्रमाणे चार पैसे देण्यास कोणाचीही मनाई नाही.

माझ्या विद्यार्थ्याने परत केलेले पाकीट अजून माझ्या मेजाच्या खणात आहे. त्याने ते परत केले, कारण घेतलेल्याची लाज ज्यास वाटते अशा मोजक्या लोकांपैकी तो आहे. आणि ज्या निवडणुकीत असा मनुष्य उभाच राहू शकला नाही, तीत मी सकाळी रांगेत उभा राहून मत देऊन आलो. तो अजूनही पाण्याची वही लिहितो. पुढील निवडणुकीस अवधी आहे. त्या वेळी “कोणाचे घेऊ, सर?” असे त्याने पुन्हा विचारले, तर एकट्याच्या दोन हजारांनी ते उत्तर पुरे होणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी गल्लीतील पन्नास दारे आधी मलाच ठोठवावी लागतील.