माद्यांसोबतचा कोंबडा

रानकोंबडा मारावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे कायद्याने कधीच निकाली काढलाय. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1991 च्या दुरुस्तीने परवाना काढून हौसेने शिकार करायची वाटही बंद झाली. 2006 च्या वनहक्क कायद्याने सुरगाण्यातल्या कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबांना जमिनीचे आणि वनउपजाचे हक्क देऊ केले. शिकारीचा पारंपरिक हक्क मात्र त्यातून नाव घेऊन वगळला. तरी एक जुना प्रश्न उरतोच. माद्यांसोबत फिरणाऱ्या नराला मारणं हे एकट्या नराला मारण्यापेक्षा जास्त वाईट का वाटतं?

अमेरिकेत या प्रश्नाचा अख्खा हंगाम असतो. तिथे वसंतात रानटर्कीची कायदेशीर शिकार चालते, आणि ती मुख्यतः नरांचीच. शिकारी झाडाला टेकून बसतो, मादीचा आवाज काढतो आणि नर तिला शोधत बंदुकीसमोर येतो. पण नराभोवती आधीच माद्या असल्या की तो ढिम्म हलत नाही. मग मुरलेला शिकारी नराचा नाद सोडतो आणि कळपातल्या दांडग्या मादीला डिवचतो. ती ओरडली की तिचीच नक्कल करायची, तिच्यापेक्षा चढ्या आवाजात. ती भांडायला येते. तिच्यामागून तो येतो.

यात मला मरणापेक्षा हाक जास्त खुपते. रानातल्या पक्ष्याकडे संशयाखेरीज दुसरं हत्यार नसतं, आणि विणीच्या दिवसांत तो नेमका तोच बाजूला ठेवतो.

महाभारतात हे भांडण आधीच होऊन गेलंय. किंदम ऋषी आणि त्याची पत्नी हरणांच्या रूपात रत असताना पांडू बाण मारतो. मरताना किंदमाची तक्रार काय, तर हरीण मारल्याचा मी तुला दोष देत नाही, राजे शिकार करतातच. पण तू थांबायला हवं होतंस. रामायणात वाल्मीकीसमोर क्रौंचाच्या जोडीतला नर पडतो आणि शाप मिळतो निषादाला. आपण हा शाप शाळेत कवितेचा जन्म म्हणून शिकतो. त्या निषादाच्या घरी त्या दिवशी चूल पेटली का, हे कुणी विचारत नाही.

टर्कीवाल्यांचं उत्तर सरळ हिशोबाचं आहे. टर्कीचा नर अंडी उबवत नाही, पिल्लं सांभाळत नाही. माद्या फळल्या की तो गेला तरी कळप उभा राहतो. हिशोब खोटा नाही. नर फार लवकर मारले जाऊ नयेत म्हणून तिकडच्या काही राज्यांनी हंगाम उशिरा सुरू करायला घेतलाय. म्हणजे सरकारी भाषेत का होईना, किंदमाचं म्हणणं त्यांना पटलंय.

हाच हिशोब सुरगाण्याच्या रानात आणून बघा. इथला रानकोंबडा करड्या अंगाचा, मानेवरच्या पिसांना मेणासारखे पिवळट ठिपके. (त्या ठिपक्यांसाठी ही पिसं एके काळी परदेशात मासे पकडायच्या गळांवर बांधायला जात. आणि आपल्या कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग याच जातीकडून आलाय, असं 2008 मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसलं.) अंडी उबवते एकटी मादी. आता फासा घ्या. तो कुणाला खोटी हाक मारत नाही, कुणाची जोडी बघत नाही. त्यात चरायला निघालेली एकटी कोंबडी अडकली तर बघणाऱ्याला त्यात काही क्रूर दिसणार नाही. पण तिच्यामागे अंडी थंड पडतात. उलट माद्यांच्या घोळक्यात पडलेला कोंबडा डोळ्यांना सहन होत नाही, आणि पिल्लं मात्र वाचतात.

मग आपल्याला वाईट वाटतं ते नक्की कुणासाठी? बऱ्याचदा गोष्टीसाठी, असं मला वाटतं. जोडी दिसली की आपल्याला गोष्ट दिसते. एकट्या कोंबडीची गोष्ट आपल्याला ठाऊकच नसते.

तरीही किंदमाचं 'थांब' मला फेकून देववत नाही. फक्त ते कुणाला म्हणायचं, एवढंच बघायला हवं. आषाढात कणगीतली नागली तळाला गेलेल्या घराला 'थांब' म्हणणं सोपं आहे, कारण ते म्हणणाऱ्याचं पोट भरलेलं असतं. पांडू भुकेला नव्हता. त्याला थांबणं परवडत होतं, म्हणून त्याचा दोष मोठा. निषादाला मी त्याच तराजूत घालणार नाही. फासा लावणं कायद्याने गुन्हा आहे आणि तो असावा, असंही मी म्हणेन; पण गुन्हा एकच असला तरी दोष सारखा होत नाही.

आज थांबणं परवडणारे लोक कोण? बंदूकवाले कमीच. शनिवारी पहाटे कॅमेरा घेऊन घाटात येणारे आपण. खिशातल्या फोनमध्ये पक्ष्यांचे आवाज असतात. ऐन विणीच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, झुडपाआड माद्यांसोबत चरणारा कोंबडा काही केल्या उघड्यावर येत नाही, म्हणून ब्लूटूथ स्पीकरवर दुसऱ्या नराची बांग लावली जाते. आपल्या हद्दीत कुणी घुसलंय असं समजून तो माद्या सोडून धावत बाहेर येतो, मान उंचावून ओरडतो. क्लिक, क्लिक. रक्त सांडत नाही, त्यामुळे कुणाला काही वाटतही नाही. स्पीकर बंद होतो, गाडी नाशिकच्या रस्त्याला लागते. कोंबडा तिथेच, नसलेल्या कोंबड्याला शोधत ओरडत असतो.