आळ उष्णतेवरच का?

गेम सुरू केला की थोड्याच वेळात कॅबिनेट तापतं, पंख्यांचा आवाज चढतो आणि स्क्रीन एकाएकी काळी पडते. गेम नसेल तेव्हा तेच यंत्र दिवसभर बिनतक्रार चालतं. एवढ्यावर बहुतेकांचा निकाल तयार असतो: उष्णतेमुळे बंद पडलं. मग धूळ झाडणं, थर्मल पेस्ट बदलणं, जास्तीचे पंखे बसवणं हे सारं ओघानेच येतं. निकाल कदाचित बरोबरही असेल, पण तो पुराव्यावर उभा नाही. दोन गोष्टी दर वेळी जोडीने दिसल्या, म्हणून एक दुसरीचं कारण ठरते का? हा प्रश्न भारतीय तर्कपरंपरेतल्या न्यायदर्शनाने शतकानुशतकं घोळवला आहे, आणि बंद पडणारा कॉम्प्युटर त्याची चांगली परीक्षा घेतो.

नैयायिकांचं नेहमीचं उदाहरण धूर आणि अग्नीचं. धुरावरून अग्नीचं अनुमान चालतं. अग्नीवरून धुराचं मात्र चालत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. अशा आडून काम करणाऱ्या अटीला ते उपाधी म्हणतात, आणि ती दूर केल्याशिवाय दोन गोष्टींचा संबंध पक्का मानत नाहीत. इथली उपाधी म्हणजे विजेचा भार. गेम चालू असताना तापमान वाढतं, तशीच ग्राफिक्स कार्डाची विजेची ओढही वाढते. काही शक्तिशाली कार्डं क्षणार्धापुरती नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतात. म्हणून तर 2022च्या एटीएक्स 3.0 मानकात पॉवर सप्लायने 100 मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसावा अशी अपेक्षा आली. तो न पेलणारा सप्लाय स्वतःच्या संरक्षणासाठी सगळंच बंद करतो. लाल लोखंडाचा गोळाही इथे आहे: एएमडीच्या रायझन 7000 मालिकेतले बरेच प्रोसेसर पूर्ण भाराखाली 95 अंश सेल्सियसला टेकून काम करत राहावेत अशाच बेताने बनवले आहेत. शिवाय आजचे प्रोसेसर मर्यादा गाठताच आधी वेग कमी करतात. बंद पडणं हा शेवटचा उपाय असतो.

म्हणजे कारण शोधायचं तर दोन संशयितांना वेगळं करावं लागतं. गेमचं ग्राफिक्स कमी करून पाहा, हा सल्ला इथे कुचकामी ठरतो. त्याने उष्णता आणि भार दोन्ही उतरतात. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून टेबलफॅन लावला, तर आतलं तापमान उतरतं आणि भार जवळपास तेवढाच राहतो. आकडे उतरूनही यंत्र तसंच बंद पडलं, तर प्रोसेसर आणि कार्डाच्या उष्णतेवरचा संशय बराच सैल होतो. बंद पडणं थांबलं, तर तो बळावतो. मात्र त्या वाऱ्याने सप्लायही थंड झाला असेल, ही शंका उरतेच. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली ‘कर्नल-पॉवर 41’ ही नोंद पाहून थेट सप्लायला दोषी ठरवणारेही घाई करतात. यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढंच ती नोंद सांगते. ते का झालं, हे सांगत नाही.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, धूळ झाडली, पेस्ट बदलली, सप्लायही नवा घेतला, यंत्र चालू झालं. आता कारण कळून काय करायचं? या आक्षेपाला न्यायदर्शनातूनच बळ मिळतं, कारण ज्ञान खरं असल्याची खूण न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने सफल प्रवृत्तीत, म्हणजे यशस्वी कृतीत, पाहिली. पण ज्या ज्ञानावर विसंबून कृती झाली, त्यालाच ती सफलता पाठिंबा देते. तीन उपाय एकदम केले तर यशाचे वाटेकरी तीन होतात, आणि कुणाचा वाटा किती हे कळत नाही. बिघाड परतला की शोध पहिल्या पायरीवर येतो, आणि सप्लायचे पैसे कदाचित उगाच गेलेले असतात.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. अनुमानावर विश्वास न ठेवणारा चार्वाक म्हणेल, चाचण्या कितीही करा, न दिसलेली एखादी उपाधी उरलेली नाही याची खात्री कोण देणार? तशी खात्री कुणीच देऊ शकत नाही. पण दहाव्या शतकातल्या उदयन या नैयायिकाचं उत्तर इथे लागू पडतं: शंकेलाही सीमा असते, आणि शंका घेणाऱ्याचं स्वतःचं वागणंच तिच्याविरुद्ध जातं, तिथे ती थांबते. कशावरूनच काही सिद्ध होत नाही म्हणणाराही यंत्र सुरू करायला बटणच दाबतो. तेव्हा संपूर्ण निश्चितीची वाट पाहू नये, आणि पहिल्या जोडीला कारण म्हणून मिरवूही नये. एका वेळी एकच गोष्ट बदला, परिणाम टिपून ठेवा, मगच दुसरीला हात घाला.